सपाट पडद्याची फिर्याद आणि पिक्चर ट्यूबची कैफियत

जुन्या आर्केड यंत्रातील पिक्चर ट्यूब तशीच ठेवावी की ती काढून तिच्या जागी सपाट पडदा बसवावा, हा प्रश्न वरवर पाहता इतका क्षुल्लक आहे की त्यावर लेख लिहिणाऱ्याने आधी आपल्या रिकामपणाचा खुलासा द्यावा, अशी कोणी अपेक्षा केल्यास ती गैरवाजवी म्हणता येणार नाही. तथापि ज्या वादात उभय पक्ष आपापल्या बाजूने भलतीच कारणे पुढे करीत असतात, आणि ते वाद घालीत असतानाच ज्याचा निकाल भंगारवाल्याच्या काट्यावर परस्पर लागत असतो, तो वाद क्षुल्लक म्हणून सोडून देणे मला प्रशस्त वाटत नाही.

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात १९९० नंतरच्या दशकात ज्यांनी शाळकरी वय काढले, ती मंडळी आता चाळिशीच्या घरात आली आहेत. शाळेच्या वाटेवरील पत्र्याच्या खोलीत, एक रुपयाचे नाणे मुठीत घट्ट धरून, आपल्यापेक्षा मोठ्या मुलांच्या कोपरांखालून मान घालून ज्यांनी ‘मुस्तफा’ पाहिला, त्यांच्यापैकी काही आज पुण्याबंगळुरास नोकरीला आहेत आणि गावच्या घरी एखादे जुने यंत्र आणून ठेवण्याइतकी ऐपत बाळगून आहेत. (या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यातील चार नायकांपैकी धावत येऊन लाथ घालणाऱ्या एकाच्या नावाने आमच्याकडील पोरांनी साऱ्या खेळाचेच बारसे करून टाकले, आणि मूळ नाव कोणास ठाऊकही झाले नाही.) अशाच एका गृहस्थांनी अनगोळात आपल्या घराच्या पडवीत एक उभे यंत्र आणले. लाकडाला वाळवी लागलेली, बटणे झिजलेली, परंतु आतील बोर्ड मूळचा आणि वीस इंची पिक्चर ट्यूब जिवंत. लगेच आप्तेष्टांची सभा भरली आणि ‘हा डबा काढून एलईडी बसवा’ असा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधी मत एकट्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचे पडले. “ट्यूब चांगली आहे हो सर, काढायला कशाला लावता? एकदा काढली की परत कुठनं आणायची, सांगा की!” मिस्त्रींचा मुद्दा व्यवहाराचा होता, आणि त्याकडे मी शेवटी येईनच, परंतु त्या ठरावास अनुकूल म्हणून जी कारणे सभेत मांडली गेली आणि अन्यत्रही मांडली जातात, त्यांची झडती प्रथम घेतली पाहिजे.

फिर्याद अशी. पिक्चर ट्यूबचे चित्र अस्पष्ट, सपाट पडद्याचे रेखीव. ट्यूब वीज खाते. तिच्यातून अपायकारक किरण बाहेर पडतात. ती वजनाने जड आणि आतून धोक्याची आहे. तिचे सुटे भाग मिळत नाहीत. आणि एवढे करून ज्या जुन्या रूपाचे तुम्ही गोडवे गाता ते रूप आता सपाट पडद्यावर एका बटणाने उमटवता येते, तेव्हा हट्ट कसला?

यांपैकी किरणांचा आणि विजेचा मुद्दा चटकन निकालात काढण्यासारखा आहे. रंगीत संचातून क्ष-किरण बाहेर येण्याचे प्रकरण खरे घडले होते, पण ते १९६७ साली आणि अमेरिकेत. जनरल इलेक्ट्रिकच्या संचांत हा दोष सापडल्यावर तेथे तासाला ०.५ मिलिरॉन्टजेन ही मर्यादा कायद्याने घालण्यात आली, आणि त्यानंतरच्या ट्यूबांच्या जाड काचेतच हे किरण शोषून घेण्याची तजवीज करण्यात आली. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले ते १९८२ सालच्या एशियाड खेळांबरोबर. म्हणजे तो दोष अमेरिकेत उघडकीस आल्यानंतर पंधरा वर्षांनी. विजेचा हिशेब तर अगदी त्रैराशिकाचा आहे. वीस-एकवीस इंची ट्यूब सुमारे ८० वॅट घेते, तेवढाच सपाट पडदा सुमारे २५. रोज चार तास खेळ चालला, तरी वर्षाकाठी फरक ८० युनिटांच्या आसपास पडतो. ज्याने हौसेखातर दोन माणसांना न उचलणारे कपाट घरात आणले, त्याने एवढ्या युनिटांची फिकीर करावी, हे हत्ती घेऊन अंकुशाच्या किमतीवर घासाघीस करण्यापैकी आहे.

रेखीवपणाचा मुद्दा मात्र तितका सोपा नाही, कारण तो ऐकणाऱ्याला तत्काळ पटतो आणि तरीही मुळातच सदोष आहे. चित्र रेखीव असावे, ही अपेक्षा ज्या चित्रात तपशील भरपूर आहे त्याच्याविषयी रास्त ठरते. ‘मुस्तफा’चे संपूर्ण चित्र ३८४ स्तंभ आणि २२४ ओळी एवढ्याच ठिपक्यांचे आहे, आणि ते चारास तीन या प्रमाणाच्या पडद्यावर पसरण्यासाठी रचलेले आहे. आज बाजारात सर्वसाधारण मिळणारा सपाट पडदा १९२० स्तंभ आणि १०८० ओळींचा असतो. आता २२४ ने १०८० ला भागून पाहावे. भाग पूर्ण जात नाही. प्रत्येक ओळ चौपट केली तर ८९६ ओळी भरतात आणि वरखाली काळी पट्टी राहते. ती पट्टी पत्करली, तरी त्या उंचीला योग्य असलेली रुंदी सुमारे ११९५ पिक्सेल येते आणि तिला ३८४ ने भागल्यास ३.११ येतात. अर्धाकच्चा पिक्सेल उजळण्याची सोय सपाट पडद्यात नसल्यामुळे काही स्तंभ तीन पिक्सेल रुंद होतात तर काही चार. आणि नायक चालू लागला की त्याच्या मुखावरून हे जाडबारीक स्तंभ सरकत जाऊन क्षणात नाक फुगते, क्षणात डोळा आक्रसतो. हे टाळण्यासाठी चित्र थोडे विरघळवावे, तर ज्या रेखीवपणासाठी एवढा खटाटोप केला तोच हातचा जातो. घरोघरी तर याहून सोपा मार्ग पत्करलेला दिसतो: चित्र आडवे ताणून सोळास नऊचा पडदा भरून टाकायचा. मग ‘मुस्तफा’तली सडपातळ नायिका हन्ना पैलवानासारखी दिसते, आणि पाहणारे ‘काय भारी क्लिअर आहे’ म्हणून माना डोलावतात.

ट्यूबमध्ये हा भागाकाराचा प्रश्नच उपस्थित होत नाही. तिला ठरावीक स्तंभ नसतात. इलेक्ट्रॉनांची शलाका डावीकडून उजवीकडे अखंड सरकत जाते आणि वाटेत तिची तीव्रता बोर्डाच्या हुकमाप्रमाणे कमीअधिक होते; एका ओळीत ३८४ ठिपके असोत, ३२० असोत वा २५६ असोत, ओळीची रुंदी तीच राहते. भिंग लावून पडदा पाहिला तर लाल, हिरव्या, निळ्या उभ्या कणांची रांग दिसते खरी; परंतु एका ठिपक्याच्या वाट्याला त्यांतील नेमके किती कण यावेत असा कोणताही करार तेथे झालेला नसतो. एका ठिपक्याची कड दुसऱ्यात किंचित मिसळते ती यामुळेच. तिला अस्पष्टता म्हणून दोष देणाऱ्याने बोट कोठे ठेवायचे ते नीट पाहिलेले नाही.

येथवर वाचून ट्यूबचे भक्त संतुष्ट झाले असल्यास त्यांनाही दोन शब्द ऐकवणे क्रमप्राप्त आहे, कारण स्वपक्षाच्या लटक्या साक्षीदारांनी जितके दावे बुडवले तितके प्रतिपक्षाच्या वकिलांनी बुडवले नसतील. ‘जुन्या चित्रकारांनी सारे काही ट्यूबच्या विरघळण्यावर हिशेब ठेवून काढले होते’ असे एक विधान वारंवार कानी पडते. घरच्या टीव्हीला पिवळ्या पिनेने जोडल्या जाणाऱ्या खेळांच्या बाबतीत त्यात बरेच तथ्य आहे. त्या एकाच तारेतून रंग आणि प्रकाश एकत्र कोंबले जात, ते एकमेकांत सांडत, आणि सेगाच्या ‘सॉनिक’मधील धबधब्याच्या उभ्या रेघा त्या सांडण्यामुळेच पारदर्शक पाणी भासत. पण आर्केडच्या बोर्डातून लाल, हिरवा आणि निळा यांच्या तीन स्वतंत्र तारा निघतात. तेथे असे सांडणे होत नाही, आणि ट्यूबवरचे चित्र त्या मानाने चांगलेच स्वच्छ असते. घरचा पुरावा दुकानाच्या खटल्यात दाखल करणे गैर आहे.

‘ट्यूबला विलंब मुळीच नाही’ हेही दुसरे अर्धसत्य. शलाका पडद्याच्या माथ्यावर असते तेव्हा तळाची ओळ अजून उमटायची असते, आणि एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद लागत असल्याने पडद्याच्या मध्यावरील घटना आठ सहस्रांशांनीच दिसते. त्यात ट्यूबचे स्वतःचे काही नाही, हे कबूल. पण शून्य म्हणजे शून्य, असा जो घोष चालतो तो गणिताला धरून नाही. राहता राहिले जुन्या आठवणींचे कारण. आठवण हा ज्याचा त्याचा खाजगी मामला असल्यामुळे मी तिला या वादात साक्षीला बोलावीत नाही. ट्यूब चालू असताना सेकंदाला सुमारे १५,७०० कंपनांची एक बारीक शीळ तिच्यातून निघत असते; चाळिशीतल्या मालकाला ती आता ऐकू येत नाही, त्याच्या मुलाला मात्र येते आणि नकोशी होते. आठवणींवर निवाडा करायचा तर हीही आठवण जमेस धरावी लागेल.

मग ट्यूबचा खरा हक्क कोणता? माझ्या मते तो रूपाचा नसून काळाचा आहे. आज आपण पडदा म्हणजे तयार चित्र दाखवण्याचे साधन मानतो: चित्र आत कोठेतरी सिद्ध होते, मग पडद्याकडे रवाना होते. जुन्या आर्केड बोर्डांची रचनाच मुळी या कल्पनेवर झालेली नाही. टाइटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला तेव्हा त्यातील प्रोसेसरला प्रत्येक चित्रामागे दोन वेळा सूचना मिळत असे, एक शलाका पडद्याच्या मध्यावर पोचताच आणि दुसरी ती शेवटास जाताच. शलाका एका अर्ध्या भागात असताना प्रोग्रॅम दुसऱ्या अर्ध्या भागातील आकृत्या हलवून घेई, की जेणेकरून अर्धवट पुसलेली आकृती खेळणाऱ्याच्या दृष्टीस पडू नये. म्हणजे शलाका कोठे आहे याचे भान खेळाच्या मजकुरातच विणलेले होते.

आमच्याकडे ज्या यंत्रांवर ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ आणि ‘मेटल स्लग’ चालत, त्या एसएनकेच्या निओ जिओ बोर्डाची (१९९०) गोष्ट तर याहून बोलकी आहे. या बोर्डात संपूर्ण चित्र साठवण्यास जागाच नाही. केवळ एकेका ओळीपुरती दोन पात्रे आहेत. एका पात्रातील ओळ शलाका पडद्यावर ओतीत असते त्याच वेळी पुढील ओळीत कोणकोणत्या आकृत्यांचा कोणता तुकडा येतो हे ठरवून दुसरे पात्र भरले जाते, आणि मग दोघांची अदलाबदल होते. एका ओळीसाठी मिळणारा अवधी सुमारे ६४ दशलक्षांश सेकंद. त्या अवधीत जेवढ्या आकृत्या बसतील तेवढ्याच खऱ्या, म्हणून एका ओळीत ९६ पेक्षा अधिक आकृती-तुकडे हा बोर्ड दाखवू शकत नाही. ‘मेटल स्लग’मध्ये एखादा स्फोट होऊन धूर पडदाभर पसरे, तेव्हा त्याचे संपूर्ण चित्र त्या यंत्रात एकत्र असे कधीच अस्तित्वात नव्हते; ते ओळीओळीने जन्मले आणि ओळीओळीनेच काचेवर विझले. अशा बोर्डाला ट्यूब जोडणे म्हणजे त्याला बाहेरचे एखादे उपकरण जोडणे नव्हे. शलाकेचे घड्याळ हेच बोर्डाचे घड्याळ आहे. ट्यूब त्या यंत्राचा उत्तरार्ध आहे.

सपाट पडदा बसवायचा झाल्यास बोर्ड आणि पडदा यांच्या मध्ये एक कारकून नेमावा लागतो. बोर्डाकडून येणाऱ्या सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी बहुतेक नव्या पडद्यांना मानवत नाहीत; त्या गोळा करून, त्यांचे पूर्ण चित्र बनवून, ते मोठे करून, पडद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे पाठवणारे एक रूपांतराचे कार्ड मध्ये बसते. चित्र पूर्ण होईपर्यंत थांबण्यातच एक चित्रभर काळ गेला. पडद्याने स्वतः रंग सुधारण्याची, कडा खुलवण्याची हौस केली तर आणखी गेला. घरगुती एलईडी टीव्हीत ही हौस भरमसाट असते, आणि ‘गेम मोड’ चालू केल्याखेरीज ती आवरत नाही. शिवाय दोन वेळापत्रके जुळत नाहीत ती नाहीतच. निओ जिओ सेकंदाला ५९.१८५ चित्रे काढतो आणि सर्वसाधारण सपाट पडदा नेमकी ६० मागतो. तूट भरून काढण्यासाठी दर सव्वा सेकंदाला एक चित्र दोनदा दाखवले जाते आणि संथ सरकणारी पार्श्वभूमी त्या क्षणी अडखळते. ‘मॉर्टल काँबॅट’ची चित्रे तर सेकंदाला ५४.७ च असतात. तेथे हे अडखळणे सेकंदातून पाच वेळा घडते. ट्यूब तेवढीच चित्रे मुकाट्याने काढते, कारण तिला स्वतःचे असे वेळापत्रक नसते. किंबहुना आपल्या देशी पीएएल संचांची शलाका सेकंदाला १५,६२५ ओळी काढत असल्याने आर्केडच्या बोर्डाला ती जवळजवळ जशीच्या तशी मानवते. उभी लय तेवढी ५० वरून ६० च्या आसपास आणावी लागते, आणि शेवटच्या काळातले पुष्कळसे संच ते काम आपणहून करीत.

याहून मोठा भेद आहे तो हालचालीचा. ट्यूबवरील प्रत्येक ठिपका शलाका लागताच झळकतो आणि सहस्रांश सेकंदाच्या सुमारास विझून जातो. सपाट पडद्यावरील ठिपका पुढील चित्र येईतो १६.७ सहस्रांशभर तसाच उजळलेला राहतो. स्थिर चित्रात यामुळे काही बिघडत नाही. पण विमान वा योद्धा पडद्यावरून सरकत असेल, तर पाहणाऱ्याचा डोळा त्याच्यामागून सावकाश अखंड फिरत असतो आणि ठिपका मात्र जागच्या जागी खोळंबलेला असतो. परिणामी डोळ्याच्या पडद्यावर त्याचा ओघळ पडतो. एका चित्रामागे चार ठिपके सरकणारी आकृती सपाट पडद्यावर चार ठिपके रुंद माखली जाते, ट्यूबवर पाव ठिपका. रेखीवपणाचा डंका पिटणाऱ्या पक्षाने येथे खाली पाहावे, कारण जो खेळ क्षणभर स्थिर नसतो त्याचा रेखीवपणा तो हलत असतानाच मोजला पाहिजे, आणि तसा मोजला असता अस्पष्ट म्हणून हिणवलेली ट्यूबच वरचढ ठरते. दुकानात पडदे पसंत करताना त्यांवर फुलांची, पर्वतांची स्थिर चित्रे लावून ठेवलेली असतात, यात विक्रेत्याचे चातुर्य आहे.

बंदुकीच्या खेळांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. १९८४ च्या निंटेंडोच्या ‘डक हंट’ची बंदूक, जिच्या नकला आपल्याकडील स्वस्त टीव्ही-गेमबरोबर मिळत, ती वस्तुतः काही फेकत नसून पाहत असते: चाप ओढताच पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन झळकतो, आणि नळीतला डोळा शलाकेच्या त्या विशिष्ट लयीचा प्रकाश ओळखतो. सपाट पडद्यासमोर ती आंधळी आहे. अटारीच्या १९७९ सालच्या ‘अॅस्टरॉइड्स’सारख्या खेळांत शलाका ओळी न काढता थेट रेषाच रेखाटते, तो तेजस्वी बिंदू पिक्सेलांच्या जाळीवर अवतरणे असंभव आहे.

आता त्या ‘एका बटणा’चा विचार. सपाट पडद्यावर आडव्या काळ्या रेघा पाडून, कडा किंचित विरघळवून, कोपरे गोल करून ट्यूबचा आभास निर्माण करण्याची सोय आज आहे, आणि ती कोणी सौंदर्यदृष्टीने वापरावी याला माझी हरकत नाही. पण तरुण नटाच्या कपाळावर सुरकुत्या रंगवून त्याला भीष्म केल्याने त्याचे वय वाढत नाही, तसे काळ्या रेघांनी चित्राचा काळ बदलत नाही. ठिपका तेवढाच वेळ खोळंबतो आणि ओघळ तेवढाच पडतो. येथे प्रतिपक्षाला एक गोष्ट प्रामाणिकपणे दिली पाहिजे. अलीकडचे काही पडदे सेकंदाला २४० वा त्याहून अधिक चित्रे दाखवतात, आणि त्या चित्रांत एकामागून एक पट्टा उजळवून व विझवून शलाकेच्या प्रवासाची नक्कल करणारे प्रोग्रॅमही तयार झाले आहेत. काही पडदे बोर्डाच्या वेळापत्रकाप्रमाणे आपली लय बदलतात. ओएसएससीसारखी रूपांतरयंत्रे पूर्ण चित्र न साठवता ओळीच दुप्पट करीत असल्याने त्यांचा विलंब नगण्य असतो. हे सारे मार्ग खरे आहेत आणि उद्या ते स्वस्तही होतील. पण ज्या सभेने अनगोळात ठराव केला तिच्या मनात असा पडदा नव्हता. तिच्या मनात बाजारातला मिळेल तो एलईडी होता, आणि माझे खंडन त्यालाच उद्देशून आहे.

यावरून निवाडा कसा द्यावा, हे आता अवघड नाही. यंत्रात मूळचा बोर्ड असेल तर ट्यूब काढू नये. काढणे म्हणजे अर्धे यंत्र काढणे होय. परंतु यंत्राच्या पोटात बोर्डाऐवजी संगणक असेल, मग तो ‘मेम’ चालवणारा असो (निकोला साल्मोरिया यांनी तो प्रोग्रॅम १९९७ साली प्रथम प्रसिद्ध केला) वा हजारभर खेळ एकत्र कोंबलेला ‘पँडोरा बॉक्स’ असो, तर तेथे चित्र आधी आत साठवूनच बाहेर येते, शलाकेशी नाते केव्हाच तुटलेले असते, आणि अशा यंत्रात चांगला सपाट पडदा बसवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने फक्त दोन पथ्ये पाळावीत. चित्र ताणू नये. आणि माप घेताना फसू नये, कारण २४ इंची रुंद पडद्यात चारास तीनचे चित्र अवघे साडेएकोणीस इंची बसते. जिच्याऐवजी मोठा पडदा म्हणून पैसे मोजले ती वीस इंची ट्यूबच मोठी होती, असा प्रकार पुष्कळांच्या बाबतीत घडला आहे. निव्वळ जुनेपणाच्या दिखाव्यासाठी कोणाच्या तरी चालत्या टीव्हीतील ट्यूब उपटून संगणकाला जोडणारे जे अतिउत्साही असतात, ते मला ट्यूब फेकणाऱ्यांच्याच पंक्तीतले वाटतात.

शेवटी मिस्त्रींचा प्रश्न: परत कुठनं आणायची? हा आक्षेप खरा आहे. मोहालीत आणि गाझियाबादेत एके काळी ट्यूबा बनत, औरंगाबादजवळ चितेगावात व्हिडिओकॉनचे संच जुळवले जात. आता या देशात टीव्हीची ट्यूब कोठेही बनत नाही. पण नवी मिळत नाही म्हणून हातातली मोडावी, हा युक्तिवाद उफराटा आहे. ट्यूब स्वतः सहसा मरत नाही. मरतो तो तिच्या मागचा फौजफाटा: उच्च दाब पुरवणारा ईएचटी, कोरडे पडलेले कपॅसिटर, तडकलेले डाग. यांतले बहुतेक काम डाग देण्याच्या इस्त्रीने होते. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान घातले आणि दुरुस्त करता करता कारखानदारी शिकून घेतली, ज्याच्या उद्यमबागेत, म्हणजे अनगोळच्या वेशीवरच, आजही नमुना पाहून भाग घडवून देणारे लेथ फिरत आहेत, त्या गावाने ‘स्पेअर मिळत नाही’ म्हणून हात टेकावेत हे शोभत नाही. आमचा पावसाळा मात्र ट्यूबचा वैरी आहे. जूनजुलैत हवा ओली झाली की ट्यूबच्या पाठीवरील रबरी टोपीखाली दमट धूळ साचून चरचर असा आवाज येऊ लागतो आणि अंधारात निळसर ठिणगी दिसते. यंत्र बंद करून, तारेने जमिनीस जोडलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने तेथील साठलेला दाब उतरवून, ती जागा कोरडी व स्वच्छ केली की काम भागते. तेथे सुमारे पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. म्हणून हे काम जाणत्यानेच करावे. जडपणाची आणि धोक्याची तक्रार एवढ्यापुरती मी मान्य करतो.

ट्यूबचा खरा शत्रू सपाट पडदा नाहीच मुळी. तो तांब्याचा भाव आहे. भंगारात संच आला की पहिल्या तासाभरात त्याची मान हातोड्याने उडवली जाते, कारण मानेभोवतीच्या योकमध्ये तांब्याची तार असते आणि बाकी काचेला, तिच्यात शिसे असल्याने, कोणी गिऱ्हाईक नसते. तेव्हा ज्याला आपल्या यंत्रासाठी एखादा राखीव संच घेऊन ठेवायचा असेल, त्याने भंगारवाल्याकडे संच पोचण्यापूर्वी, घरोघरच्या माळ्यांवरच चौकशी करावी. एकवीस इंची, गोल काचेचा, योक शाबूत असलेला संच घ्यावा. तो अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटे चालवून पाहावा. पांढरे चित्र आले की कडा फुगत असतील, किंवा गरम झाल्यावरही रंग मळकटच राहत असतील, तर तो सोडून द्यावा. नुसता आवाज असून चित्र नसेल आणि मानेत नारिंगी उजेड दिसत असेल, तर मात्र जरूर घ्यावा, कारण त्याची ट्यूब बहुधा ठणठणीत असून दोष मागच्या बोर्डात असतो, आणि मालक तो फुकटही देऊन टाकतो.